एक गिगाबाइटच्या टप्प्यावरील रिकामे पान : अनेक कार्यप्रणालींवर चालणाऱ्या एसक्यूलाइटचे प्रकरण

२००० सालच्या पूर्वार्धात डी. रिचर्ड हिप हे जनरल डायनॅमिक्स या कंपनीसाठी अमेरिकी नौदलाच्या एका कामावर होते. क्षेपणास्त्रवाहू विनाशिकेला मार बसला असता हानी आटोक्यात ठेवण्याच्या कामी उपयोगी पडेल अशी संगणकप्रणाली तयार करायची होती. ही प्रणाली एचपी-यूएक्स या कार्यप्रणालीवर चालत असे आणि तिचा डेटा इन्फॉर्मिक्स या डेटाबेसच्या सर्व्हरवर ठेवलेला असे. अडचण अशी होती की, सर्व्हर कोणत्याही कारणाने बंद असला की पडद्यावर ‘डेटाबेसशी संपर्क होऊ शकत नाही’ एवढाच संदेश येई. दोष सर्व्हरचा असला तरी संदेश हिप यांच्या प्रणालीच्या खिडकीत दिसत असल्याने बोल त्यांनाच लागत. ज्या क्षणी नौकेचे नुकसान झाले आहे नेमक्या त्याच क्षणी सर्व्हरही बंद असण्याचा संभव मोठा, हे लक्षात घेतले तर या रचनेतील विसंगती अधिकच बोचते. आपल्या प्रणालीला हवा असलेला डेटा तिने स्वतःच डिस्कवरून थेट का वाचू नये, या प्रश्नातून एसक्यूलाइट हा सर्व्हरविना चालणारा डेटाबेस जन्माला आला.

या प्रकरणाकडे अनेक कार्यप्रणालींवर चालणाऱ्या डेटाबेस-रचनेचा नमुना म्हणून पाहताना एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते. सर्व्हर असलेल्या रचनेत डेटाबेस आणि कार्यप्रणाली यांचा संबंध एकाच यंत्रापुरता असतो. वापरकर्त्यांची यंत्रे विंडोजची असोत वा लिनक्सची, ती जाळ्यावरून विनंत्या पाठवितात आणि फाइल, लॉक (दोघांनी एकाच वेळी फाइल बदलू नये म्हणून घातलेली अडवणूक), डिस्क ही सारी उठाठेव सर्व्हर आपल्या घरच्या कार्यप्रणालीशी करतो. सर्व्हर काढून टाकून डेटाबेस हे ग्रंथालय (लायब्ररी, म्हणजे इतर प्रणालींत जोडायचा तयार कोड) म्हणून अनुप्रयोगाच्या पोटात घातले की ते ज्या ज्या यंत्रावर जाईल तेथील कार्यप्रणालीचे सर्व गुणदोष थेट डेटाबेसच्या अंगावर येतात. साधेपणासाठी केलेल्या निवडीने जी गुंतागुंत झाकलेली होती ती उघडी पडली, आणि ती पुढची पंचवीस वर्षे निस्तरावी लागली.

ऑगस्ट २००० मध्ये आलेली पहिली आवृत्ती जीडीबीएम या तयार ग्रंथालयावर उभी होती. जीडीबीएमची फाइल ज्या जातीच्या यंत्रावर लिहिली त्या यंत्राच्या बाइटक्रमाला (एका संख्येची बाइटे कोणत्या क्रमाने ठेवायची त्या रीतीला) बांधलेली असे, आणि त्यात व्यवहारांची, म्हणजे अनेक बदल एकत्र पक्के करण्याची किंवा एकत्र मागे घेण्याची, सोयही नव्हती. सप्टेंबर २००१ मधील दुसऱ्या आवृत्तीत हिप यांनी स्वतःची बी-ट्री रचना (नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून केलेली झाडासारखी मांडणी) आणली. जून २००४ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि तिचा फाइल-आराखडा आजतागायत टिकून आहे. त्या वेळी लिहिलेली फाइल आजची आवृत्ती वाचते, आणि २०५० पर्यंत ही सुसंगती सांभाळण्याचा निर्मात्यांचा जाहीर संकल्प आहे.

प्रणाली अनेक कार्यप्रणालींवर चालते असे म्हणताना बहुतेकांच्या मनात ‘कोड सगळीकडे संकलित (कंपाइल) होतो’ एवढाच अर्थ असतो. एसक्यूलाइटमध्ये सर्वांत आधी स्थिर केली गेली ती फाइल. तिच्या आरंभीची १०० बाइटे म्हणजे शीर्षभाग. त्यातील पहिली १६ बाइटे ही फाइल कोणत्या आराखड्याची आहे ते सांगतात, त्यापुढची दोन बाइटे पानाचा, म्हणजे फाइल ज्या समान तुकड्यांत विभागलेली असते त्या तुकड्याचा, आकार सांगतात, आणि तो ५१२ ते ६५,५३६ बाइटांच्या दरम्यान दोनाचा घात असावा लागतो. शीर्षभागातील प्रत्येक बहुबाइटी पूर्णांक मोठ्या अंशाचे बाइट आधी या क्रमाने लिहिला जातो. एचपी-यूएक्स ज्या पीए-रिस्क प्रोसेसरांवर चाले त्यांचा स्वाभाविक क्रम हाच होता. इंटेलच्या प्रोसेसरांचा क्रम उलटा. म्हणजे आज जगातील बहुसंख्य यंत्रे ही फाइल वाचताना प्रत्येक वेळी बाइटे उलटीपालटी करतात. हा खर्च किरकोळ आहे आणि त्याच्या मोबदल्यात फाइल पेन-ड्राइव्हवरून कोणत्याही यंत्रावर नेता येते. सी भाषेतील स्ट्रक्चर (स्मृतीत एकत्र ठेवलेल्या मूल्यांचा गट) जसेच्या तसे डिस्कवर उतरवण्याचा मोह ज्यांनी एकदा तरी पत्करला आहे, त्यांना या निर्णयाची किंमत वेगळी सांगावी लागू नये : तेथे बाइटक्रमाखेरीज संकलकाने मध्ये सोडलेली रिकामी बाइटेही फाइलमध्ये उतरतात, आणि ती संकलकागणिक बदलतात.

कोडच्या बाजूने कार्यप्रणालीशी होणारा सर्व व्यवहार एका दारातून होतो. त्याला आभासी फाइल-स्तर म्हणता येईल. सप्टेंबर २००७ मधील ३.५.० या आवृत्तीपासून तो आजच्या स्वरूपात आहे. फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे, छाटणे, पुसणे, डिस्कवर पक्की करणे, लॉक लावणे व काढणे, थोडा वेळ थांबणे, यादृच्छिक बाइटे मिळवणे आणि वेळ विचारणे, इतकीच कामे या दारातून मागितली जातात. युनिक्ससाठी एक आणि विंडोजसाठी एक असे दोन स्तर मूळ वितरणात येतात. नव्या कार्यप्रणालीवर जायचे तर हा स्तर पुन्हा लिहायचा; भाषेचे विश्लेषण, प्रश्नांची आखणी, बी-ट्री यांतील एकही ओळ बदलावी लागत नाही. ही मांडणी कागदावर सुबक दिसते, परंतु ‘लॉक लावा’ या एका मागणीचा अर्थ दोन कार्यप्रणालींत किती वेगळा असतो हे पाहिले की या दाराच्या मागे काय चालते त्याची कल्पना येते.

विंडोजमध्ये फाइलच्या एखाद्या पट्ट्यावर लावलेले लॉक सक्तीचे असते. एका प्रक्रियेने (चालू असलेल्या एका प्रोग्रॅमने) अनन्य, म्हणजे एकट्यापुरते, लॉक लावलेली बाइटे दुसऱ्या प्रक्रियेला वाचताही येत नाहीत. युनिक्सच्या पॉझिक्स मानकातील लॉक केवळ सूचनेपुरते असते. ज्यांनी विचारले त्यांना ते सांगितले जाते, न विचारता जो लिहील त्याला कोणी अडवत नाही. दोन्हींवर एकच शिस्त चालवायची तर लॉक डेटा असलेल्या बाइटांवर लावता येत नाही, कारण विंडोजवर तो डेटाच वाचता येईनासा होईल. म्हणून एसक्यूलाइटने लॉकसाठी फाइलच्या आरंभापासून बरोबर एक गिगाबाइट अंतरावरची ५१२ बाइटे राखून ठेवली. फाइल एक गिगाबाइटपेक्षा लहान असेल तर ती बाइटे अस्तित्वातच नसतात, पण फाइलच्या शेवटापलीकडच्या पट्ट्यावर लॉक लावण्यास दोन्ही कार्यप्रणालींची हरकत नसते. फाइल त्याहून मोठी झाली की ज्या पानात ही ५१२ बाइटे पडतात ते पान एसक्यूलाइट कायम रिकामे सोडते. लॉकचा पट्टा नेमका ५१२ बाइटांचा आहे, आणि पानाचा लहानात लहान आकारही तेवढाच असल्यामुळे हा पट्टा कधीही दोन पानांत विभागला जात नाही.

या ५१२ बाइटांची वाटणीही पाहण्यासारखी आहे. पहिले बाइट ‘प्रलंबित’ लॉकसाठी, म्हणजे लिहिण्यास उत्सुक असलेल्या प्रक्रियेने नव्या वाचकांना दाराबाहेर थांबवण्यासाठी; दुसरे ‘राखीव’ लॉकसाठी, म्हणजे पुढे लिहिण्याचा हक्क नोंदवण्यासाठी; आणि उरलेली ५१० वाचकांसाठी. वाचकांना ५१० बाइटे कशाला? याचे उत्तर विंडोज ९५, ९८ आणि एमई यांत आहे. विंडोज एनटीच्या वंशात अनेक वाचकांना एकाच पट्ट्यावर सामायिक लॉक लावता येते. ९५च्या वंशात ती सोयच नव्हती, तेथे प्रत्येक लॉक अनन्य. म्हणून तेथे प्रत्येक वाचक या ५१० बाइटांतून यादृच्छिकपणे एक निवडून तेवढेच लॉक करी, आणि लिहिणारा संपूर्ण पट्टा मागे; एकही वाचक आत असेल तर त्याला तो मिळत नसे. दोन वाचकांनी एकच बाइट निवडण्याची शक्यता ५१० मध्ये एक, आणि तसे झालेच तर दुसऱ्याने पुन्हा प्रयत्न करायचा. विंडोज ९५ वापरातून गेले, पण फाइल-आराखडा बदलायचा नसल्याने ते रिकामे पान गेले नाही. ज्या भ्रमणध्वनींच्या कार्यप्रणालीत विंडोजचा अंशही नाही त्यांच्यातील गिगाबाइटहून मोठ्या प्रत्येक एसक्यूलाइट फाइलमध्ये ते आहे. सर्वांत दुबळ्या कार्यप्रणालीची मर्यादा कोडमध्ये राहिली असती तर यथावकाश पुसली गेली असती; ती फाइलमध्ये उतरली म्हणून कायम झाली. माझ्या मते या प्रकरणातील रचनेचा सर्वांत महत्त्वाचा धडा येथेच आहे, आणि तो दोषाचा नव्हे, किमतीचा धडा आहे : एका पानाच्या मोबदल्यात दोन भिन्न लॉकपद्धतींवर एकच फाइल चालू शकली.

युनिक्सच्या बाजूला वेगळेच संकट होते. पॉझिक्सच्या नियमानुसार लॉक हे फाइल उघडून मिळालेल्या हातळ्याचे (हँडलचे) नसते, ते प्रक्रियेचे असते. एकाच प्रक्रियेने एकच फाइल दोनदा उघडली आणि त्यांपैकी एक हातळा बंद केला, तर त्या फाइलवरची त्या प्रक्रियेची सर्व लॉक तत्क्षणी सुटतात. दुसऱ्या हातळ्यातून लावलेलीही. एसक्यूलाइटच्या स्रोतातील टिपणांत या नियमाविषयीची नाराजी मुळीच लपवलेली नाही. तोडगा म्हणून युनिक्स-स्तर उघडलेल्या प्रत्येक फाइलची नोंद उपकरण-क्रमांक आणि आयनोड-क्रमांक (फाइलप्रणालीने प्रत्येक फाइलला दिलेला ओळखक्रमांक) यांनुसार स्वतःपाशी ठेवतो, एका प्रक्रियेतील सर्व जोडण्यांची लॉक मिळून एकच हिशेब राखतो, आणि लॉक शिल्लक असताना कोणी जोडणी बंद केली तर तो हातळा प्रत्यक्ष बंद न करता प्रतीक्षेत ठेवतो.

अनुप्रयोग लिहिणाऱ्याला मात्र हा हिशेब दिसत नाही, आणि येथेच एका कार्यप्रणालीवरून दुसरीवर जाताना फसगत होते. समजा, विंडोजवर लिहिलेल्या अनुप्रयोगात ‘प्रत काढा’ असे बटण आहे आणि ते डेटाबेस-फाइल साध्या फाइलसारखी उघडते, वाचून दुसरीकडे लिहिते आणि बंद करते. विंडोजवर त्यामुळे चालू असलेल्या जोडणीच्या लॉकला धक्का लागत नाही. तोच कोड लिनक्सवर चालवला की ‘बंद करा’ या ओळीबरोबर त्या प्रक्रियेची सर्व लॉक नाहीशी होतात, दुसरी प्रक्रिया अर्धवट लिहिलेल्या पानांवर लिहू लागते आणि फाइल बिघडते. संकलकाने काही सूचना दिलेली नसते, चाचणीत बहुधा काही दिसलेले नसते, आणि बिघाड उघड होतो तेव्हा बटण दाबणाऱ्याला त्याची आठवणही नसते. खरे तर विंडोजवरही चालू फाइलची अशी काढलेली प्रत विश्वासार्ह नसते. एसक्यूलाइटमध्ये प्रत काढण्याची स्वतंत्र सोय आहे; ती वापरली तर दोन्हीकडे निभावते. याच कारणाने एका प्रक्रियेत एसक्यूलाइटच्या दोन वेगळ्या प्रती जोडल्या जाऊ देणे हेही युनिक्सवर धोक्याचे ठरते, कारण प्रत्येक प्रतीचा हिशेब वेगळा आणि लॉक मात्र सामाईक.

व्यवहार पक्का होण्याची पद्धत सांगायला सोपी आहे. बदलायच्या पानांची जुनी रूपे आधी एका रोजनाम्याच्या फाइलमध्ये लिहायची, ती डिस्कवर पोहोचल्याची खात्री करायची, मग मूळ फाइल बदलायची, तीही पोहोचल्याची खात्री करायची आणि शेवटी रोजनामा पुसायचा. रोजनामा पुसला गेला तो क्षण म्हणजे व्यवहार पक्का झाल्याचा क्षण. त्याआधी वीज गेली तर पुढच्या वेळी उघडताना जुनी पाने परत बसवली जातात. परंतु ‘डिस्कवर पोहोचल्याची खात्री’ हे शब्द प्रत्येक कार्यप्रणाली आपापल्या परीने वाचते. मॅकओएसवर या कामाची नेहमीची हाक (कार्यप्रणालीला केलेली विनंती) डेटा ड्राइव्हपर्यंत पोहोचवते, पण ड्राइव्हच्या स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीतून तो तबकडीवर उतरलाच पाहिजे असा आग्रह धरत नाही. त्यासाठी तेथे वेगळी, अधिक कडक आणि बरीच मंद हाक आहे. एसक्यूलाइटमध्ये ती सेटिंगने चालू करता येते, पण मुळात बंद असते. युनिक्सवर फाइल पक्की करणे पुरेसे नसते, तिचे नाव ज्या निर्देशिकेत नोंदले आहे ती निर्देशिकाही पक्की करावी लागते, नाहीतर वीज परत आल्यावर रोजनाम्याचा मजकूर असेल पण त्याचे नाव नसेल.

विंडोजवर शेवटची पायरी, म्हणजे रोजनामा पुसणे, हीच अडते. नुकतीच तयार झालेली फाइल तपासण्यासाठी विषाणूरोधक किंवा शोध-सूची बनवणारी सेवा ती उघडून बसते आणि कार्यप्रणाली ‘प्रवेश नाकारला’ असे उत्तर देते. म्हणून विंडोज-स्तर लगेच हार न मानता दर वेळी थोडे अधिक थांबून मुळात दहा वेळा प्रयत्न करतो. विषाणूरोधकांवरून स्रोतातील आणखी एक टिपण आठवते, ते थोडे विषयांतर करूनही नोंदवण्याजोगे आहे. एका विषाणूरोधक उत्पादनात एसक्यूलाइट वापरले गेले आणि तात्पुरत्या फाइलींची गर्दी लोकांच्या संगणकावर दिसू लागली. नावाच्या आरंभी ‘एसक्यूलाइट’ पाहून त्रासलेले लोक निर्मात्यांचे दूरध्वनी शोधून काढून त्यांना रात्रीबेरात्री उठवू लागले. तेव्हापासून, म्हणजे ऑक्टोबर २००६ पासून, त्या तात्पुरत्या फाइलींच्या नावात हा शब्द उलटा लिहिला जातो.

मजकुराच्या क्रमवारीचा प्रश्न मराठी वाचकांच्या अधिक जवळचा आहे. अक्षरांचा क्रम, दशांशचिन्ह, लहान-मोठी रोमन अक्षरे यांबाबत प्रत्येक कार्यप्रणालीची स्वतःची स्थानिक सोय असते, आणि ती वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे. एसक्यूलाइटने तो टाळला : संख्येचे मजकुरात आणि मजकुराचे संख्येत रूपांतर करणारा कोड त्याचा स्वतःचा आहे, रोमन अक्षरांची लहान-मोठी जुळणी केवळ मूळ २६ अक्षरांपुरती आहे, आणि मुळातली क्रमवारी नुसत्या बाइटांची तुलना करून लागते. हा संकुचितपणा वाटतो. पण इंडेक्स, म्हणजे शोध जलद व्हावा म्हणून ठेवलेली सूची, हा क्रम लावूनच साठवलेला असतो, आणि क्रमाचा नियम कार्यप्रणालीच्या हाती सोपवला तर नियम बदलताच तो इंडेक्स खोटा ठरतो. पोस्टग्रेसक्यूएल या सर्व्हर असलेल्या डेटाबेसला हे नेमके भोगावे लागले. त्याची क्रमवारी कार्यप्रणालीच्या सी-ग्रंथालयावर अवलंबून असे. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सवरील जीलिबसी या सी-ग्रंथालयाच्या २.२८ या आवृत्तीने क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले, आणि कार्यप्रणाली अद्ययावत केलेल्या अनेक ठिकाणी मजकुरावरचे इंडेक्स पुन्हा बांधावे लागले. डेटाबेसला कोणी हातही लावलेला नव्हता.

एसक्यूलाइट या संकटातून वाचते, पण मराठी क्रम देत नाही. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आणि ‘व’च्या आधी आहे, त्यामुळे बाइटांच्या क्रमाने ‘बाळ’ हा शब्द ‘बावन’च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत ‘ळ’ची जागा ‘ह’नंतर आहे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हे जोडाक्षर म्हणून ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात जातात. ‘ऱ्हास’मधील ‘ऱ’ हे एका संकेताने लिहिता येते किंवा ‘र’ला नुक्ता जोडून दोन संकेतांनीही, दिसायला दोन्ही सारखे, पण बाइटे भिन्न, म्हणून एका कळफलकावरून भरलेली नोंद दुसऱ्या कळफलकावरून शोधली तर सापडत नाही. अँड्रॉइडने यावर उपाय म्हणून आपल्या एसक्यूलाइटमध्ये स्थानिक भाषेनुसार लावायची स्वतःची क्रमवारी जोडली आहे. ती मोहक आहे आणि अनेक कार्यप्रणालींच्या दृष्टीने सापळाही आहे. त्या क्रमवारीने बांधलेला इंडेक्स असलेली फाइल संगणकावर उघडून त्या इंडेक्सशी संबंध येणारे काही केले की ‘अशी क्रमवारी नाही’ एवढेच उत्तर मिळते. एकच फाइल दोन्हीकडे न्यायची असेल तर मजकूर भरतानाच एका ठरलेल्या युनिकोड-रूपात आणावा, क्रमाची किल्ली आपल्या कोडने तयार करून वेगळ्या स्तंभात साठवावी, इंडेक्स त्या स्तंभावर ठेवावा आणि किल्ली ज्या नियमाने बनवली त्याची आवृत्ती त्याच फाइलमध्ये नोंदवावी, हा मार्ग मला योग्य वाटतो. फाइलींचे मार्ग साठवणाऱ्यांनीही उजवीकडे वा डावीकडे झुकणारी तिरपी रेघ (/ आणि \), ड्राइव्हचे अक्षर आणि लहान-मोठ्या अक्षरांतील फरक यांचा असाच विचार करावा. लिनक्सवर भिन्न असलेली दोन नावे विंडोजवर बहुधा एकच ठरतात.

२०१० मधील ३.७.० या आवृत्तीत बदल आधी वेगळ्या नोंदफाइलमध्ये जोडत जाण्याची दुसरी पद्धत आली. तिच्यात लिहिणे चालू असताना वाचणे थांबत नाही. या पद्धतीत टिकाऊ काय आणि क्षणिक काय यांचा विवेक बारकाईने केलेला दिसतो. नोंदफाइलमधील पूर्णांक ठरलेल्या मोठ्या-अंश-आधी क्रमाने लिहिले जातात, कारण वीज गेल्यावर तीच फाइल कदाचित दुसऱ्या यंत्रावर उघडली जाईल. प्रक्रियांनी स्मृतीत वाटून घ्यायची सूची मात्र त्या त्या यंत्राच्या स्वाभाविक क्रमात असते, कारण ती गेली तर नोंदफाइलवरून पुन्हा बांधता येते. नोंदफाइलच्या पडताळा-बेरजा कोणत्या क्रमाने केल्या हे सांगणारी खूण तिच्या पहिल्या चार बाइटांतच आहे, म्हणून बेरीज यंत्राच्या सोयीने आणि तरीही कुठेही तपासता येईल अशी करता येते. या पद्धतीची किंमत अशी की स्मृती वाटून घेणाऱ्या सर्व प्रक्रिया एकाच यंत्रावर असाव्या लागतात. जाळ्यावरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल दोन यंत्रांनी या पद्धतीने वापरता येत नाही. जुन्या पद्धतीतही जाळ्यावरील फाइलप्रणालींची लॉक भरवशाची नसतात. विंडोज आणि युनिक्स यांच्यासाठी लॉकची बाइटे मुद्दाम एकच ठेवली आहेत, म्हणजे या दोहोंत फाइली सामायिक करणारा सांबासारखा दुवा लॉक बरोबर पोहोचवील तर दोघांनाही एकच फाइल वापरता यावी. पण तसे घडेल याची फारशी आशा नाही, असे टिपण लिहिणाऱ्यानेच तेथे नोंदवून ठेवले आहे. कार्यालयातील सामायिक फोल्डरमध्ये फाइल ठेवून पाच संगणकांवरून ती लिहिण्याची रचना म्हणूनच टाळावी. तेथे सर्व्हर लागतो, आणि ज्या सर्व्हरपासून हिप यांनी सुटका करून घेतली तोच त्या ठिकाणी योग्य आहे.

नोव्हेंबर २०२२ मधील ३.४०.० या आवृत्तीपासून एसक्यूलाइट वेबअसेंब्लीच्या (ब्राउझर चालवू शकतो अशा संकलित कोडच्या) रूपात ब्राउझरमध्येही अधिकृतपणे चालू लागले. ब्राउझर ही नेहमीच्या अर्थाने कार्यप्रणाली नव्हे. तेथे ना पॉझिक्स लॉक आहेत, ना विंडोजची. ब्राउझरच्या खासगी साठवणुकीवर काम करणारा नवा आभासी फाइल-स्तर लिहिला गेला, आणि त्यातून तयार झालेली फाइल उतरवून घेऊन संगणकावर उघडली तर ती तशीच्या तशी वाचता येते. अडले ते पुन्हा लॉकपाशीच. ब्राउझर त्या साठवणुकीतील फाइलचा जो जलद हातळा देतो तो अनन्य असतो, म्हणून एकच डेटाबेस दोन टॅबमध्ये उघडला की एका टॅबला दुसऱ्याने हातळा सोडण्याची वाट पाहावी लागते, आणि हा हातळा कधी घ्यायचा व किती वेळ धरायचा याचा हिशेब त्या नव्या स्तराला स्वतः ठेवावा लागतो.